रेवताबाई आणि बर्फातली सुई

आधीच सांगून ठेवते, मी गोड बोलणारी बाई नाही. बारा वर्षं झाली, गावात आशा म्हणून काम करते. गरोदर पोरींच्या मागे लोहाच्या गोळ्या घेऊन फिरायचं, लेकरांना ओढून लसीला आणायचं, क्षयरोग्याच्या समोर बसून त्याला गोळी गिळायला लावायची. यात गोडीगुलाबीनं काही होत नाही. माझा नवरा आनंदराव म्हणतो, रुखमिणी, तुझ्या तोंडाला विळ्याची धार आहे. असेल. पण ही हकिकत माझी नाही, रेवताबाईची आहे. माझं तोंड तिच्या आड आलं म्हणून मला या हकिकतीत यावं लागतंय.

सानगडीच्या पलीकडे आमचं गाव. गावाला लागून मोठा तलाव आणि तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या उताराला, मासे धरणाऱ्या ढिवरांची पंधरा-वीस घरं. त्यातलं तिसरं घर रेवताबाई आणि तिच्या नवऱ्याचं, इतवारीचं. बाई पन्नाशीची, काटकुळी, आवाज मात्र बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. लग्न होऊन आली तेव्हापासून ती तलावात उतरते. लुगड्याचा काचा मारून छातीभर पाण्यात जायची आणि पायानं गाळ चाचपडत चालायची. पायाखाली मासोळी हलली की कोणती आहे ते तिला बघावं लागत नसे. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "तुले अंधारात नवरा ओळखू येते ना? तसंच."

थंडीच्या तोंडावर ती शिंगाडे काढायची. तलावाच्या एका कोपऱ्यात तिचा वेल असे. सकाळी पाण्यात शिरली की दुपारीच बाहेर. ओठ निळे, बोटांत काटे आणि टोपली भरलेली. पाण्याबाहेरची रेवताबाई मला कधी पूर्ण वाटलीच नाही.

इतवारीचं काम बर्फाचं. तो लाखांदूरहून एसटीच्या टपावर बर्फाची लादी आणायचा, पोत्यात घालून लाकडानं फोडायचा. पेटीत खाली भुसा, मग बर्फ, मग मासोळी, वर पुन्हा बर्फ, आणि थराथरात मूठभर खडेमीठ. मिठानं बर्फ जास्त गार होतो, हे त्याच्या बापानं त्याला शिकवलेलं. "माह्या पेटीत मासोळी चार दिवस डोळा लाल करत नाही," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. माणूस तसा मुका, पण बर्फाचा विषय निघाला की बोलायला लागायचा.

आता माझ्या फ्रिजचं सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आमच्याकडे फ्रिज आला. आमचं घर महानुभाव पंथाचं, मांस-मच्छीचा वाससुद्धा चालत नाही. एक दिवस हापशीवर आम्ही चार-पाच बायका पाणी भरत होतो. रेवताबाई आली, हातात पिशवी. इतवारीला ताप होता, बर्फ आणला नव्हता, चार वराम मासोळ्या उरल्या होत्या. "रुखमा, उद्या सकाळपर्यंत ठेवतेस का वो तुह्या फ्रिजात?" एवढंच तिनं विचारलं. सरळ नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मी म्हणाले, "तुह्या घरची मासोळी माह्या फ्रिजात? आधी आपले हात तरी हुंगून पाय बाई."

बायका हसल्या. रेवताबाईसुद्धा थोडी हसली आणि पिशवी घेऊन परत गेली. त्यानंतर आमचं बोलणं कामापुरतं राहिलं. मी मनात म्हटलं, राहिली रुसून तर राहू दे.

तिचं दुखणं सुरू झालं ते त्याच्या पुढच्या हिवाळ्यात. आधी आव पडते म्हणाली. मी ओआरएसची पाकिटं दिली. मग रक्त पडायला लागलं, तर सगळे म्हणाले मूळव्याध आहे. कोणी झाडपाला दिला, कोणी इंजेक्शन टोचलं. दिवसाला दहा-बारा वेळा जायची आणि कधी तलावातून वर येईपर्यंतसुद्धा दम निघत नसे. एकदा भर बाजारात, गिऱ्हाईक समोर असताना, लुगडं खराब झालं. त्या दिवसापासून तिनं बाजार सोडला. मी बघितलं तेव्हा तिच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक होत्या. मी तिला भंडाऱ्याला नेलं, तिथून नागपूरच्या सरकारी दवाखान्यात. रुसवा असला तरी काम ते काम.

तिथं दुर्बीण घालून पाहिलं. तरुण डॉक्टर मॅडम होत्या, बोलायला बऱ्या. त्यांनी कागदावर आतड्याचं चित्र काढलं आणि आतल्या अस्तरावर लाल पेनानं ठिपके मारत गेल्या. सगळं मोठं आतडं आतून सोललेलं होतं. जंतू नाही, गाठ नाही. "तुमच्या शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच तुमच्या आतड्यावर उठल्या आहेत," त्या म्हणाल्या. "या पेशी एक प्रथिन सोडतात. टीएनएफ म्हणतात त्याला. ते बाकीच्या पेशींना हाक मारतं, या, इथं शत्रू आहे. खरा जंतू असला तर ती हाक चांगलीच. पण तुमच्यात शत्रू नसतानाही हाक चालूच आहे."

रेवताबाईला ते कळेना. मी तिला आमच्या भाषेत सांगितलं. धानात रानडुकरं येतात, तेव्हा मचाणावरचा माणूस डबा वाजवतो आणि सगळे काठ्या घेऊन धावतात. आता डुक्कर केव्हाच पळून गेला, पण हा डबा वाजवूनच राहिला. लोक काठ्या घेऊन येऊनच राहिले आणि आपलाच धान तुडवून राहिले. असं चाललंय तुझ्या पोटात.

तिनं चित्रातल्या लाल ठिपक्यांवर बोट ठेवलं. मग मॅडमना म्हणाली, "आपलीच माणसं आपल्याले काहून मारतेत जी?"

मॅडम म्हणाल्या, "नेमकं का, ते आम्हालाही पूर्ण माहीत नाही." मला ती बाई तेव्हाच आवडली.

गोळ्या झाल्या. स्टेरॉइड झालं, त्यानं तोंड सुजून भोपळा झालं, पण डोस कमी केला की रक्त पुन्हा सुरू. शेवटी मॅडमनी सुई लिहिली आणि सरकारी योजनेतून मंजूर करून घेतली. सुईतलं औषध म्हणजेही एक प्रथिनच. ते रक्तात फिरतं आणि टीएनएफला धरून ठेवतं. डबा वाजवणाऱ्याचा हातच धरला म्हणजे लोक आपोआप घरी जातात. पहिले दोन डोस दवाखान्यात द्यायचे, पुढचे दर पंधरा दिवसांनी घरी. मॅडमनी हेही सांगितलं की हा शेवटचा बंधारा आहे. दुसरं औषध मंजूर व्हायला महिने लागतील, आणि तेवढा वेळ आतड्याजवळ नाही. ही सुई लागू पडली नाही, तर मोठं आतडं काढावं लागेल आणि पोटावर पिशवी लावावी लागेल.

"पिशवी लावून तलावात उतरता येते का?" रेवताबाईनं विचारलं.

मॅडमनी सांगितलं, पिशवी लावून लोक सगळं करतात, पण छातीभर गढूळ पाण्यात रोज चार-चार तास नको. रेवताबाईनं मान हलवली. येताना एसटीत ती खिडकीशी बसली होती. वाटेत दिसेल त्या प्रत्येक लहान बोडीकडे, मोठ्या तलावाकडे मान वळवून बघत होती.

दवाखान्यातले दोन डोस झाले आणि फरक दिसला. बारा वेळचं चार वेळांवर आलं. विष्ठेची एक तपासणी असते, तिच्यात आतड्यात जमलेल्या पांढऱ्या पेशींचं एक प्रथिन मोजतात. आतड्यात जितकी आग, तितका आकडा मोठा. तिचा अठराशेवरून सहाशेवर आला. मग घरचे डोस सुरू झाले. इतवारी टोचायला शिकून आला होता. मी दर पंधरवड्याला दारातूनच विचारायची, "घेतली का सुई?" आतून आवाज यायचा, "घेतली." मी रजिस्टरमध्ये लिहायची आणि पुढच्या घरी जायची. आत काही गेले नाही. चहा घ्यायला लागेल म्हणून गेले नाही, हेही आता सांगून टाकते.

दीड-दोन महिन्यांत सगळं उलटलं. रक्त पुन्हा सुरू झालं, वजन उतरलं. मॅडमनी तपासणी केली, आकडा एकवीसशे. त्या म्हणाल्या, कधी कधी शरीर या औषधाच्याच विरोधात नवी प्रथिनं तयार करतं आणि औषध वाया जातं. तसंच झालेलं दिसतंय. पोळ्यानंतरच्या सोमवारी भरती व्हा, ऑपरेशन करू.

पोळा झाला. शनिवारी भरतीचे कागद बघायला मी त्यांच्या घरी गेले. या वेळी आत जावंच लागलं. रेवताबाई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. इतवारी ओसरीत बसून मासोळीची पेटी उघडत होता. म्हणाला, "आज सुईची तारीख आहे, ताई. ऑपरेशन होईल तं होईल, पण मी एक तारीख चुकवली नाही." आणि त्यानं पेटीत कोपरापर्यंत हात घातला, दोन रोहूंच्या मधून प्लास्टिकची पिशवी काढली. पिशवीत पुठ्ठ्याचा खोका, लगदा झालेला. खोक्यात सुईचं पेन, औषध आत भरूनच येतं ते. पेनावर पांढरं दंव होतं आणि खडेमीठ चिकटलेलं होतं.

लसीच्या ट्रेनिंगमध्ये आम्हाला दरवेळी घोकून घेतात, गार ठेवायचं पण गोठवायचं नाही, गोठलेली लस फेकून द्यायची. मी पेन हातात घेऊन उजेडात धरलं. आत सरळ बर्फ होता. तळहातात धरून ठेवलं तेव्हा हळूहळू सुटलं, आणि मग पाण्यात पांढऱ्या कोंडा-कण्या तरंगताना दिसल्या.

"सगळ्या अशाच ठेवल्या?" मी विचारलं.

"सगळ्या," तो म्हणाला. त्याला वाटलं मी शाबासकी देतेय. "फ्रिजात ठेवा म्हणाली होती सिस्टर. आपला बर्फ तं फ्रिजापेक्षा कडक आहे. रोज नवीन मीठ टाकतो."

मी त्याला सांगितलं. ओरडून सांगितलं, खोटं कशाला बोलू. गोठलं की औषध मरतं, इतवारीभाऊ, तू बायकोला दोन महिने नुसतं पाणी टोचून राहिला. तो माझ्याकडे बघत राहिला. मग पेटीकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे. तीस वर्षांत त्याच्या बर्फानं त्याला कधी दगा दिला नव्हता. मला त्याची कीव आली, पण माझं तोंड थांबेना. मी म्हणाले, "माह्या घरी फ्रिज आहे ना. साऱ्या गावाले माहीत आहे. मले काहून नाही सांगतलं?"

खाटेवरून रेवताबाई बोलली, भिंतीकडे तोंड तसंच ठेवून.

"सिस्टरनं इचारलं होतं, घरी फ्रिज आहे का. मी हो म्हणली. तुह्याच फ्रिजाचा इचार करून म्हणली. सुई घेऊन आली, तुह्या फाटकापर्यंत आली होती त्या दिवशी. तिथं उभी राहून हात हुंगले. वास येत होता वो. म्हणून वापस आली."

मी तिथंच ओसरीत खाली बसले. दोन वर्षं मी त्या दिवसाचा विचारसुद्धा केला नव्हता, आणि ही बाई आतडं जायची पाळी आली तरी माझ्या एका वाक्याचा मान ठेवून बसली होती. मला स्वतःची लाज वाटली. तेवढी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. माफी मागायची सवय असती तर तेव्हाच मागितली असती. मी एवढंच म्हणाले, "चल, उठ. मॅडमले सांगू."

इतवारी घाबरला. "सांगतलं तं सुई बंद करतीन, ताई. सरकारी माल नासवला म्हणतीन." मी म्हणाले, नाही सांगितलं तर आतडं कापतील, तुला काय पाहिजे ते ठरव.

सोमवारी पहाटेच्या एसटीला बघते तो इतवारी पेटीच डोक्यावर घेऊन उभा. मासे काढले होते, पण तीस वर्षांचा वास कुठं जातो. कंडक्टर म्हणाला टपावर टाक. इतवारी म्हणाला नाही, मांडीवर ठेवतो. साकोलीपर्यंत लोकांनी नाकाला पदर-रुमाल लावले. दोघं-तिघं बडबडले, तेव्हा मी त्यांना असं उत्तर दिलं की पुढं नागपूरपर्यंत कोणी चकार शब्द काढला नाही.

दवाखान्यात त्यानं ती पेटी मॅडमच्या टेबलावर ठेवली. झाकण उघडलं. आत बर्फ, मीठ, चार रिकामी पेनं आणि ते एक भरलेलं. "मी असं ठेवलं जी," तो म्हणाला. "हिची चूक नाही. माही आहे. ऑपरेशन माहं करा, हिचं नका करू." शेवटचं वाक्य बोलताना त्याला रडू आलं. तो हुंदके देत राहिला आणि रांगेतले लोक बघत राहिले.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी पेन उजेडात धरलं, आतल्या कण्या बघितल्या. म्हणाल्या, "प्रथिनाची घडी असते. त्या घडीमुळेच ते टीएनएफला पकडू शकतं. गोठलं की घडी मोडते, सगळं एकमेकाला चिकटून गोळा होतं. उकडलेलं अंडं जसं पुन्हा कच्चं होत नाही, तसं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "म्हणजे औषध हरलं नाही. औषध तिच्या पोटात पोचलंच नाही."

त्यांनी वरच्या डॉक्टरांना फोन केला, दोघांचं बराच वेळ बोलणं झालं. शेवटी ठरलं ते असं. ऑपरेशन तीन आठवडे पुढं. दवाखान्यात ठेवून पहिल्यापासून डोस, सोबत स्टेरॉइड. तीन आठवड्यांत रक्त थांबलं नाही, तर मग कापायचंच, तिथं कोणाचं काही चालणार नाही. आणि पुढच्या सुया कुठं ठेवणार? मॅडमनी विचारताच मी म्हणाले, "माझ्या घरी. लिहून घ्या."

रेवताबाईनं माझ्याकडे बघितलं.

ते तीन आठवडे मी रोज सकाळी इतवारीला फोन लावायची. "किती वेळा?" एवढंच विचारायची. नऊ. नऊ. आठ. पुन्हा दहा. दहा ऐकलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मग सात, पाच. अठराव्या दिवशी तो म्हणाला, "तीन वेळा, ताई. लाल नाही." आकडा आला चारशे दहा. मॅडमनी ऑपरेशनच्या यादीतून नाव खोडलं. मात्र बजावून सांगितलं, रोग गेलेला नाही, दबला आहे. सुई चुकली, बिघडली, तर पुन्हा उठेल.

सुया माझ्या फ्रिजात आल्या. मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीला चिकटू न देता, दुधाच्या पातेल्याशेजारी. लसीचा थर्मामीटर आत टांगला. इतवारी रोज संध्याकाळी फाटकाशी येऊन विचारायचा, किती आहे. मी सांगायची, पाच. लाईट गेली की पाच मिनिटांत हजर. "थोडासा बर्फ आणू का?" मी म्हणायची, ठेव तुझा बर्फ तुझ्याजवळ. तो हसायचा आणि लाईट येईपर्यंत तिथंच उकिडवा बसून राहायचा.

सुईच्या तारखेला रेवताबाई स्वतः यायची. दारात चप्पल काढायची, हापशीवरून हात धुऊनच आलेली असायची. आणि फ्रिजसमोर उभी राहिली की दोन्ही हात नाकाशी नेऊन हुंगायची. मुद्दाम मला दाखवायला नाही, सवयीनं. मग दार उघडायची. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा चुलीकडे तोंड फिरवलं. दुसऱ्यांदा म्हणाले, "असू दे वो बाई, उघड." तिनं हुंगूनच उघडलं. तिसऱ्यांदा मी तिचे हात खाली ओढले आणि म्हणाले, "रेवताबाई, मी त्या दिवशी लय वाईट बोलली. मले माफ कर." माझ्या आयुष्यातली ती पहिलीच माफी होती. ती म्हणाली, "बरं," आणि सुई घेऊन गेली. पुढच्या तारखेला पुन्हा हुंगले.

मग थंडी पडायला लागली. मॅडमनी तलावात उतरायची परवानगी दिली होती. जखम झाली, ताप आला, तर त्याच दिवशी दाखवायचं, या अटीवर. तिनं मला काही सांगितलं नाही. मी अंगणात लसीकरणाची यादी लिहीत बसले होते. दुपारची वेळ. रेवताबाई फाटकातून आली, छातीपर्यंत ओली, केसांत शेवाळ, ओठ निळे, काखेत टोपली. टोपलीत हिरवे-लाल शिंगाडे, पाणी गळत होतं. मला ओलांडून ती सरळ आत गेली. मी मागं धावले.

तिनं हात धुतले नव्हते. हुंगलेही नाहीत. त्याच गाळाच्या हातांनी फ्रिज उघडला, दुधाचं पातेलं एका बाजूला सारलं, सुईचा खोका नीट सरळ केला आणि त्याच्या शेजारी ओंजळी-ओंजळीनं शिंगाडे टाकले. फ्रिजातून गाळाचं पाणी फरशीवर टपकायला लागलं. सगळ्या घरात तलावाचा वास सुटला.

"उकडून खाय," ती म्हणाली. "पहिला तोडा आहे."

मी फडकंही उचललं नाही.